रंग कोणासाठी? सिक्लिड माशांचे रंग आणि त्यांची वीण

मे महिन्यात आमच्या नेऱ्याजवळची गाढी नदी म्हणजे नुसती डोहांची माळ असते. वर माथेरानच्या डोंगराखाली देहरंगचं धरण. त्याच्या खालच्या अंगाला पात्र उघडं पडतं आणि खडकांच्या खोलगटात गुडघाभर पाणी उरतं. अशाच एका डोहाच्या काठी काही वर्षांपूर्वी मी बसलो होतो. तळाच्या गाळात ताटाएवढे गोल खड्डे दिसत होते, हातभर अंतरावर एकेक. प्रत्येक खड्ड्यावर एक मासा पहारा करत होता. वीतभर लांब, अंग डांबरासारखं काळं, हनुवटीखाली पांढरट आणि परांच्या कडा लालसर. शेजारून त्याच जातीचे राखाडी मासे निवांत चरत होते.

वाडीवरचा दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा गळ घेऊन आला होता. त्याने विचारलं, "काका, ते काळे मासे येगळे हायत काय?"

"नाही रे, तेच आहेत. काळे ते नर."

"मंग पावसाळ्यात येक बी काळा नसतो, तो कसा काय?"

"विणीच्या दिवसांत होतात तसे," मी म्हणालो. उत्तर बरोबर होतं आणि पोकळही होतं. विणीच्या दिवसांत रंग का बदलावा, तो कुणाला दाखवायचा असतो, दाखवला नाही तर काय बिघडतं, यातलं काहीच त्यात नव्हतं. या लेखात त्याच प्रश्नाचं जरा सविस्तर उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे, कारण हे उत्तर मला पुस्तकांइतकंच त्या चुकीने शिकवलं.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी नाही. बारावीनंतर तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत लागलो आणि सत्तावीस वर्षं पाळ्या केल्या. रात्रपाळीवरून आल्यावर झोप येत नसे तेव्हा टाकीसमोर बसायची सवय लागली. एका टाकीच्या अकरा झाल्या आणि घराची पडवी माशांची झाली. पुढे माशांवरचे शोधनिबंध मिळवून, शेजारी शब्दकोश ठेवून वाचू लागलो. एकेका निबंधाला महिना लागे. आजही लागतो.

घरचे आणि बाहेरचे

गाढीच्या डोहातला तो काळा मासा म्हणजे चिलापी. देशावर, विशेषतः उजनीच्या परिसरात, टिलापियाला हे नाव पडलं आणि रुळलं. भिगवणच्या बाजारात तो रोज येतो. मूळचा तो आफ्रिकेतला. मोझांबिक टिलापिया ही जात १९५२ साली खाण्याचा मासा म्हणून भारतात आणली गेली आणि आता ती देशभरच्या तळ्याधरणांत आहे.

चिलापी ज्या कुळातला, त्या कुळाचं नाव सिक्लिड. काचटाकी बाळगणाऱ्यांना हे नाव माहीत नसेल, पण मासे नक्की माहीत असतात. एंजल, डिस्कस, ऑस्कर, पॅरट, फ्लॉवरहॉर्न हे सगळे सिक्लिडच. शास्त्रीय नावं मिळालेल्या प्रजातींची संख्या १७००च्या पुढे आहे. त्यातल्या बहुसंख्य आफ्रिकेत आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत राहतात.

भारताच्या वाट्याला स्वतःचे सिक्लिड आले ते तीनच. पहिला आणि सर्वांत परिचित म्हणजे गोव्यातला काळुंदर, केरळचा करीमीन. २०१० साली केरळने त्याला राज्यमासा केलं. खाडीच्या मचूळ पाण्यात राहणारा, हिरवट अंगाचा, प्रत्येक खवल्यावर मोत्यासारखा ठिपका असलेला हा मासा गोव्यात तळून खाल्ला जातो. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्यात सुरत शहराचं नाव घातलं, म्हणून तो 'सुरतेन्सिस'. दुसरा त्याचा धाकटा भाऊ शोभावा असा ऑरेंज क्रोमाइड, बोटभर लांबीचा, पिवळसर नारिंगी. तिसरा कर्नाटकातल्या नद्यांपुरता मर्यादित आहे. या तिघांचे जवळचे नातलग आफ्रिकेत नाहीत, ते मादागास्करमध्ये आहेत. भारत आणि मादागास्कर सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून सुटले. हे मासे त्याआधीच दोन्हीकडे वाटले गेले होते, की नंतर समुद्र ओलांडून गेले, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मला मात्र काळुंदराचं ताट पुढे आलं की आपण एखाद्या फार जुन्या घराण्याच्या वंशजासमोर बसलो आहोत असं वाटतं. (मग मी तो खातो, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.)

या कुळाची एक खूण सगळीकडे सारखी आहे. बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडून निघून जातात. सिक्लिड जात नाहीत. आई, बाप किंवा दोघं मिळून अंडी आणि पिल्लं सांभाळतात. आणि सांभाळ म्हटला की जोडीदार निवडणं आलं, जागेसाठी भांडण आलं, पिल्लांना हाक मारणं आलं. या सगळ्या व्यवहारात सिक्लिडचं मुख्य साधन असतं रंग.

हाक मारणारे पर

ऑरेंज क्रोमाइडची एक जोडी माझ्याकडे पाच वर्षं होती. वीण जवळ आली की दोघांच्या पोटाचा भाग काळवंडायचा आणि पोटाखालचे पर काजळी लावल्यासारखे काळे व्हायचे. दोघं मिळून कौलाचा तुकडा तोंडाने घासून साफ करायचे, मादी त्यावर अंडी चिकटवायची, नर मागून येऊन ती फलित करायचा. मग आळीपाळीने पहारा आणि परांनी वारा घालणं.

पिल्लं पोहू लागली की खरी गंमत. सगळा थवा आईबापांभोवती घोंघावत असतो. टाकीजवळ मांजर आलं, माझा हात हलला, की मोठा मासा जागच्या जागी थांबून पोटाखालचे काळे पर झरझर उघडतो आणि मिटतो. क्षणात पिल्लं गोळा होतात. वाटायचं, हा आपला कल्पनाविलास असेल. मग कळलं की कोल आणि वॉर्ड या दोन अभ्यासकांनी १९६९ साली नेमक्या याच हालचालीवर निबंध लिहिला आहे. परांची ती उघडमीट म्हणजे पिल्लांना दिलेली हाक असते. पिवळ्या अंगावर काळा पर उठून दिसतो, म्हणून ती हाक ऐकू जाते. खरं तर दिसते.

हेच वॉर्ड आणि त्यांचे सहकारी बार्लो यांनी १९६७ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली होती. या माशांची पिल्लं आईबापांच्या अंगाला हलकेच तोंड लावून पुढे सटकतात. त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव ती खातात. डिस्कस माशाची पिल्लं तर पहिले काही दिवस जवळजवळ यावरच जगतात. सस्तन प्राण्यांच्या दुधाची आठवण यावी असं हे आहे.

मुलाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे मिळतं. रंग हा पोशाख नाही, निरोप आहे. आणि निरोप म्हटला की तो घेणारा कुणी तरी हवा.

रंग बनतो कसा

हा निरोप लिहिला जातो कातडीतल्या रंगपेशींत. एका प्रकारच्या पेशीत काळं रंगद्रव्य असतं, दुसऱ्यात पिवळं, तांबडं. निळ्या रंगासाठी मात्र सहसा रंगद्रव्य नसतंच. काही पेशींत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक एकावर एक रचलेले असतात, त्यांवरून परतणारा उजेड आपल्याला निळा दिसतो. म्हणून खोलीतला दिवा बदलला की काही माशांचा निळा बदलल्यासारखा वाटतो.

रंगबदलाच्या दोन गती आहेत. काळ्या रंगाचे कण पेशीभर पसरले की मासा गडद होतो, मध्यभागी गोळा झाले की फिका. याला काही सेकंद ते काही मिनिटं पुरतात. दुसरा बदल सावकाशीचा. रंगपेशींची संख्याच वाढते किंवा घटते, त्याला आठवडे लागतात.

पहिल्या गतीचा सर्वांत अभ्यासलेला नमुना म्हणजे टांगानिका सरोवराच्या परिसरातला बर्टोनी नावाचा सिक्लिड. त्याच्या नरांत दोन वर्ग असतात. जागा मिळवलेला नर भडक रंगाचा, डोळ्यावर काळी पट्टी ओढलेला. जागा नसलेला नर मादीसारखा फिका. अमेरिकेत रसेल फर्नाल्ड यांनी यावर अनेक दशकं काम केलं. वरचढ नराला टाकीतून काढलं की खालचा नर काही मिनिटांत रंग चढवतो आणि आक्रमक होतो. इतकंच नव्हे, मेंदूतल्या ज्या पेशी प्रजननाची सूत्रं हलवतात, त्या पुढच्या काळात आकाराने वाढतात. जागा गेली की त्या पुन्हा आक्रसतात. म्हणजे रंग, पद आणि वीण ही एकाच दोरीत ओवलेली आहेत.

गाढीच्या डोहातले काळे नर तेच सांगत होते. खड्डा माझा, मी इथला. राखाडी नर होतेच, पण त्यांच्याकडे खड्डा नव्हता. आणि पावसाळ्यात पात्र भरून वाहू लागलं, गढूळ पाण्यात खड्डेच बुजले, की काळं होऊन सांगायचं काय आणि ते बघायचं कुणी?

तोंडात वाढणारी पिल्लं

चिलापीची मादी खड्ड्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिल्लं सुटी होईपर्यंत ती त्यांना तोंडातच ठेवते. गळाला किंवा जाळ्यात सापडलेली मादी कधी कधी तोंडातून पिल्लं ओकते, हे नदीकाठच्या मुलांना पुस्तकाविना माहीत असतं.

पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिडही असेच तोंडात पिल्लं वाढवणारे. त्यांच्या नराच्या शेपटीजवळच्या खालच्या परावर पिवळे-नारिंगी गोल ठिपके असतात, हुबेहूब अंड्यांसारखे. मादी अंडी टिपून घेते, तेव्हा नर तो पर पसरून तिच्यापुढे धरतो. ती ठिपक्यांना तोंड लावते आणि त्याच वेळी नराने सोडलेलं रेत तिच्या तोंडात जाऊन अंडी फलित होतात. जर्मन अभ्यासक वोल्फगांग विकलर यांनी १९६२ साली हा खुलासा मांडला. त्यानंतर ठिपक्यांचे आणखीही उपयोग सुचवले गेले, पण टाकीसमोर बसून ही क्रिया पाहिलेल्या माणसाला विकलर विसरता येत नाहीत.

मलावीत सिक्लिडच्या शेकडो प्रजाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच एकमेकांपासून मुख्यतः नराच्या रंगावरून ओळखू येतात. अंगाची ठेवण जवळजवळ सारखी. एकाच प्रजातीतही रंगाचे खेळ आहेत. केनयी या माशात मादी आणि पिल्लं निळी, तर प्रौढ नर पिवळा. बाजारात 'इलेक्ट्रिक यलो' म्हणून मिळणाऱ्या माशाचं शास्त्रीय नाव 'सेरुलियस', म्हणजे आकाशी! शास्त्राला आधी माहीत झाला तो पांढरट-निळसर अंगाचा मासा. सरोवराच्या एका भागातली त्याचीच पिवळी वस्ती नंतर उजेडात आली, आणि पाळणाऱ्यांना पिवळा आवडला म्हणून जगभरच्या टाक्यांत पिवळाच गेला. नाव मात्र निळंच राहिलं.

सर्वांत बोधप्रद गोष्ट नारिंगी-काळ्या ठिगळांच्या माद्यांची. मलावीतल्या काही प्रजातींत साध्या तपकिरी माद्यांबरोबर अशा ठिगळाच्या माद्याही असतात, नर मात्र क्वचित. ठिगळामुळे मादीला खडकांवर लपायला मदत होते, पण नराच्या अंगावर तेच आलं तर ज्या रंगावर माद्या त्याला ओळखतात तो रंगच बिघडतो. एकाच जनुकाचा एका लिंगाला फायदा आणि दुसऱ्याला तोटा. २००९ साली रॉबर्ट्स, सेर आणि कोचर या मेरीलँड विद्यापीठातल्या तिघांनी दाखवलं, की ठिगळाचं जनुक मादीपण ठरवणाऱ्या जनुकाला खेटूनच आहे. ठिगळ मिळालं की बहुधा मादीपणही मिळतं. भांडण मिटलं ते असं. रंग आणि वीण किती जवळ बांधलेली असतात, याचा यापेक्षा शब्दशः पुरावा नसेल.

माझी चूक

आता ती चूक. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. शेजारच्या बायका डाळ शिजत नाही म्हणून त्याला नावं ठेवतात. मलावीच्या माशांना असंच पाणी मानवतं, म्हणून मी मोठ्या टाकीत दोन जाती एकत्र ठेवल्या. इलेक्ट्रिक यलोचे चार आणि रेड झेब्राचे तीन. रेड झेब्राच्या माद्या नारिंगी, नर फिकट निळा. सोबत मी दुकानात असते तशी गुलाबी ट्यूब लावली. तिच्या उजेडात पिवळे आणि नारिंगी मासे पेटल्यासारखे दिसत. पाहुणे टाकीसमोरून हलत नसत.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, हवेचा पंप बंद पडला आणि झेब्राचा नर गेला. माद्या वाचल्या. दोनेक महिन्यांनी त्यांतल्या एकीने खाणं सोडलं आणि तिचा गळा फुगला. तोंडात अंडी होती. तीन आठवड्यांनी वीस-बावीस पिल्लं सुटी झाली. मोठी होता होता पिवळी दिसू लागली. ही इलेक्ट्रिक यलोची, असं मी ठरवून टाकलं. तोंड फुगलेली मादी नारिंगी होती, हे मला दिसत होतं, पण सोयीचं नव्हतं. त्या वर्षी मी ती पिल्लं पनवेल, उरण आणि कर्जतच्या ओळखीच्या मंडळींना दिली. काहींचे पैसेही घेतले.

वर्षाने एकाचा फोन आला. "तुमच्या यलोची पिल्लं विचित्र निघालीत. कुणी पिवळं, कुणी पीचसारखं, कुणाच्या अंगावर मळकट पट्टे." तेव्हा मला कबूल करावं लागलं. पिल्लं संकराची होती, आई झेब्रा आणि बाप यलो. आता त्यांचीही पिल्लं झाली होती आणि ती पुढे कुणाकुणाकडे गेली होती याचा हिशेब कुणाकडेच नव्हता.

त्या दिवसांत मी व्हिक्टोरिया सरोवरावरचे निबंध वाचत होतो. त्यात उजेडाचा मुद्दा होता. मला मोह झाला की दोष गुलाबी ट्यूबला द्यावा. त्या उजेडात पिवळा आणि नारिंगी सारखे दिसले, म्हणून मादी फसली! गोष्ट छान जमत होती. पण खरं कारण समोर होतं. मादीच्या जातीचा नर टाकीत उरलाच नव्हता. तिला निवड करायला मी जागाच ठेवली नव्हती. माशाला आपला रंग ओळखता येतो, पण ओळखायला तो रंग आसपास असावा लागतो. स्वतः शिकणाऱ्या माणसाला सर्वांत मोठा धोका हाच असतो, वाचलेलं नवं कारण स्वतःच्या जुन्या चुकीवर बेतण्याचा.

गढूळ पाण्यातले निळे आणि लाल

व्हिक्टोरियाची गोष्ट मात्र खरोखर उजेडाची आहे. तिथे पुंडामिलिया नावाच्या गटात दोन जाती आहेत. एकीचा नर निळसर, दुसरीचा पाठीवर लाल. लाल जातीला टांझानियाचे नेते ज्युलिअस न्येरेरे यांचं नाव दिलं आहे. नेऱ्यात बसून मी न्येरेरेच्या माशाबद्दल वाचत होतो, याची माझ्या घरच्यांनी बरीच थट्टा केली. दोन्हींच्या माद्या मळकट पिवळ्या आणि एकमेकींसारख्या.

निळा नर उथळ पाण्यात राहतो, लाल जरा खोल. त्या सरोवरात खाली जाताना निळा उजेड आधी गाळला जातो आणि पिवळा-लाल उरतो. ओले झेहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे, २००८ मध्ये, दाखवलं की या दोन जातींच्या डोळ्यांतली लाल उजेड टिपणारी प्रथिनंसुद्धा किंचित वेगळी आहेत. खोलवरच्या माशाचा डोळा लालकडे झुकलेला, उथळ पाण्यातल्याचा निळ्याच्या बाजूला. ज्या उजेडात मासा जगतो त्याला साजेसा डोळा, आणि डोळ्याला साजेसा नर. अशा रीतीने एका सरोवरात, कुठलीही भिंत नसताना, दोन जाती वेगळ्या राहतात.

भिंत नाही म्हणूनच ती मोडणंही सोपं. १९९७ साली झेहाउझेन, फान आल्फेन आणि विट्टे यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात निरीक्षण होतं, की पाणी स्वच्छ असलेल्या बेटांजवळ जाती जास्त आणि रंग झळझळीत, तर गढूळ भागांत रंग मंद आणि जाती कमी. शेतीतून, वस्त्यांतून येणाऱ्या पोषक द्रव्यांनी सरोवरात शेवाळ माजलं होतं, उजेडाचा पट्टा अरुंद झाला होता. प्रयोगशाळेत हेच करून पाहिलं गेलं. पांढऱ्या उजेडात माद्या आपल्याच जातीचा नर निवडत. नारिंगी उजेडात, जिथे निळा आणि लाल यांतला फरक पुसला जातो, त्यांची निवड ढासळत असे.

व्हिक्टोरियातल्या सिक्लिडच्या नाशाचं कारण म्हणून नाइल पर्चचं नाव घेतलं जातं. हा मोठा शिकारी मासा १९५०च्या दशकात तिथे आणला गेला आणि त्याने शेकडो जाती खाऊन संपवल्या वा दुर्मीळ केल्या. ते खरंच आहे. पण गढूळ पाण्याने जे केलं ते अधिक निःशब्द होतं. तिथे मेलं कुणीच नाही. मासे होते, वीण होत होती, पिल्लं वाढत होती. फक्त दोन जातींची हळूहळू एक होत गेली. मेलेला मासा पाण्यावर तरंगतो, मिसळून गेलेली जात कुठेच तरंगत नाही.

माझ्या टाकीत घडलं ते याच गोष्टीचं लहान रूप होतं. तिथे उजेड गेला होता, इथे नर गेला होता. दोन्हीकडे मादीच्या हातून निवड गेली.

बाजारातले रंग

निवड मादीच्या हातून जाऊन माणसाच्या हाती आली की काय होतं, ते पाहायला मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात जावं. लालभडक, गोलमटोल पॅरट तिथे हमखास दिसतो. तो निसर्गात कुठेच नाही. १९८०च्या दशकात तैवानमध्ये मध्य अमेरिकी सिक्लिडच्या संकरातून तो तयार झाला. त्याचं तोंड नीट मिटत नाही. काही ठिकाणी त्याच्या अंगात रंग टोचून जांभळे, हिरवे पॅरटही केले जातात. कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न १९९०च्या दशकातला, मलेशियाचा. अंगावरच्या काळ्या खुणांत चिनी अक्षरं वाचून त्याची किंमत वाढते आणि आपल्याकडे तो भरभराटीसाठी दिवाणखान्यात ठेवला जातो.

माझ्या एका मित्राकडे पॅरटची जोडी होती. त्यांनी एकदा टाकीच्या कोपऱ्यातली कुंडी साफ केली, अंडी घातली, पहारा केला. माझ्या क्रोमाइडसारखाच वारा घातला. चौथ्या दिवशी अंडी पांढरी पडली, त्यांवर बुरशी आली. पॅरटचे नर बहुधा वांझ असतात. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. मित्राची आई म्हणाली, "त्यांना कुणीतरी सांगा रे." रंग माणसाने निवडला तेव्हा तो विणीपासून सुटा झाला. वागणूक मात्र अंगात तशीच राहिली.

मी पॅरट पाळणाऱ्यांना नावं ठेवत नाही. संकर करणं पाप आहे असंही म्हणत नाही. आपली केळी, गुलाब, कुत्री माणसाच्या निवडीतूनच आली. पण संकर हा संकर म्हणून विकावा, जात म्हणून नव्हे. मलावी आणि व्हिक्टोरियाच्या काही जाती आज प्रामुख्याने टाक्यांत जिवंत आहेत. अशा वेळी पाळणाऱ्याच्या टाकीवरची चिठ्ठी ही एक नोंद असते. माझ्या वीस-बावीस पिल्लांनी ती नोंद खोटी केली.

गाढीकडे परत

आणि टाकीतलं नदीत जाऊ नये. घर बदलताना, मासा फार वाढला म्हणून, किंवा दया म्हणून लोक मासे तळ्यात, नदीत सोडतात. चिलापी काय करू शकतो हे आपल्यासमोर आहे. लहान वयात विणीला येणारा, पिल्लं तोंडात सांभाळणारा, पडेल ते खाणारा मासा एकदा पसरला की परत बोलावता येत नाही. जे गुण टाकीसमोर मला मोहवतात, म्हणजे जागेसाठी भांडणं, पिल्लांची राखण, तेच नदीत स्थानिक माशांवर उलटतात. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा, पण पाण्यात सोडू नये.

गेल्या काही वर्षांत गाढी पावसाळा सरल्यावरही लवकर निवळत नाही. वरच्या अंगाला डोंगर कोरले जातात, बांधकामांची माती ओढ्यांतून येते. आपल्या नदीतले अनेक लहान मासेही विणीच्या दिवसांत रंग चढवतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला खवली-मळव्यांच्या अंगावर येणारी लाली जुन्या लोकांनी पाहिलेली आहे. पाणी गढूळ झालं तर मासे संपतील का, असं लोक विचारतात. व्हिक्टोरियाने शिकवलेला प्रश्न वेगळा आहे. मासे दिसत राहतील, पण एकमेकांना दिसतील का?

माझ्या पडवीत त्या पिल्लांपैकी एक नर अजून आहे. बाकीची जिथून परत मिळाली तिथून मी गोळा करून आणली. ती एकेक करून गेली, हा उरला. पिवळा, पण पिवळ्यात मळकट निळसर झाक. सकाळी ऊन आलं की तो परांच्या कडा काळ्या करतो, अंग ताठ करून कौलाच्या तुकड्याखालची जागा राखतो. टाकीत दुसरं कुणी नाही. गुलाबी ट्यूब मी केव्हाच काढली आणि काचेवर खडूने लिहिलं आहे : संकर. विकायचा नाही, द्यायचा नाही, सोडायचा नाही.

वाडीवरचा तो मुलगा आता मोठा झालाय, पनवेलला कॉलेजात जातो. मध्ये घरी आला होता. काचेवरचं वाचून त्याने विचारलं, "काका, मग हा रंग कुणाला दाखवतोय?"

या वेळी मी घाईने उत्तर दिलं नाही. खुर्ची सरकवली आणि त्याला टाकीसमोर बसवलं.